अस्थानी स्वादुपिंड आणि त्यात उद्भवणारा कर्करोग : पुरावा, प्रमाण आणि उपचाराचा निर्णय

सारांश

मूळ स्वादुपिंडाशी कोणताही संबंध नसताना जठराच्या वा आतड्याच्या भिंतीत आढळणाऱ्या स्वादुपिंडाच्या ऊतकास 'अस्थानी स्वादुपिंड' असे म्हणतात. बहुसंख्य व्यक्तींमध्ये ते आयुष्यभर निरुपद्रवी राहते. क्वचित मात्र त्यातून कर्करोग उद्भवतो. प्रस्तुत लेखात अशा ऊतकाचा गर्भावस्थेतील उगम, त्यात कर्करोग झाल्याचे सिद्ध करण्याचे निकष, त्याच्या प्रमाणाविषयी दिल्या जाणाऱ्या आकड्यांचा खरा अर्थ आणि त्यावर अवलंबून असणारा उपचाराचा निर्णय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : स्वादुपिंड, अस्थानी ऊतक, जठर, ग्रहणी, कर्करोग, विकृतिविज्ञान.

१. प्रस्तावना

शरीरातील प्रत्येक अवयवाला ठरलेली जागा असते, हे शारीरशास्त्राचे पहिले गृहीत होय. तथापि गर्भावस्थेत अवयवांची घडण होत असताना एखाद्या अवयवाचा अल्पसा भाग भलत्याच ठिकाणी तयार होतो आणि जन्मभर तेथेच राहतो. पचनमार्गात आढळणाऱ्या अशा भागांमध्ये स्वादुपिंडाचे ऊतक विशेष उल्लेखनीय आहे. पोटदुखीच्या तपासणीसाठी एंडोस्कोपी केली असता जठराच्या आतील पृष्ठभागावर लहानसा, मध्यभागी खळगा असलेला उंचवटा दिसतो. रुग्णाला 'गाठ आहे' असे सांगितले जाते, आणि त्या क्षणापासून रुग्ण, त्याचे कुटुंबीय व चिकित्सक यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : ही गाठ कर्करोगाची आहे काय, आणि आज नसली तरी उद्या होईल काय?

या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. निरुपद्रवी गाठीसाठी जठराचा भाग कापून काढणे ही एक चूक. वरून निरोगी दिसणाऱ्या श्लेष्मकलेखाली वाढणारा कर्करोग दुर्लक्षित राहणे ही दुसरी. दोन्ही चुकांची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. म्हणून या विषयातील आकडे कोठून आले व ते नेमके काय सांगतात, हे समजून घेणे आवश्यक ठरते. हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. प्राणिशास्त्र, संख्याशास्त्र आणि तर्कशास्त्र यांच्या अभ्यासकांनाही त्यात रस वाटावा असे त्याचे स्वरूप आहे.

२. संज्ञा आणि इतिहास

गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाला मराठीत 'अस्थानी गर्भ' म्हणतात. त्याच धर्तीवर येथे 'अस्थानी स्वादुपिंड' ही संज्ञा वापरली आहे. तिच्यात दोन अटी गृहीत आहेत. पहिली अशी की, या ऊतकाचा मूळ स्वादुपिंडाशी शारीरिक सलगपणा नसावा. दुसरी अशी की, त्याचा रक्तपुरवठाही स्वतंत्र असावा. मूळ ग्रंथीपासून निघालेला व तिला जोडलेला फाटा या संज्ञेत बसत नाही.

अशा ऊतकाचे पहिले वर्णन १७२७ मध्ये शूल्ट्झ यांनी केल्याचे मानले जाते. त्यांना ते शेषांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या अखेरच्या भागाच्या, भिंतीतून बाहेर आलेल्या पिशवीत आढळले. सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षणाने त्याची खातरजमा होण्यास १८५९ साल उजाडावे लागले. ते श्रेय क्लोब यांना दिले जाते. १९०९ मध्ये हाइनरिख यांनी या ऊतकाचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात पाचक रस तयार करणाऱ्या पेशींचे गुच्छ, तो रस वाहून नेणाऱ्या नलिका आणि इन्सुलिन स्रवणारी लँगरहान्सची द्वीपके हे तिन्ही घटक असतात. दुसऱ्यात द्वीपके नसतात. तिसऱ्यात केवळ नलिका असतात. १९७३ मध्ये गास्पार फुएन्तेस यांनी या वर्गीकरणात बदल करून फक्त स्रावक गुच्छ असलेला आणि फक्त द्वीपके असलेला असे स्वतंत्र प्रकार मान्य केले. हे वर्गीकरण वरवर पाहता केवळ नोंदीपुरते वाटते. परंतु कर्करोगाचा उगम ठरविताना कोणता घटक उपस्थित आहे याला निर्णायक महत्त्व येते, हे पुढे स्पष्ट होईल.

३. गर्भावस्थेतील उगम

मानवी गर्भात स्वादुपिंडाची निर्मिती चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. आद्य आतड्याच्या अंतःस्तरापासून दोन अंकुर फुटतात. एक पृष्ठीय आणि दुसरा अधर. ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, वळण्याबरोबर अधर अंकुर मागील बाजूस फिरतो आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन्ही अंकुर एकमेकांस मिळून एक ग्रंथी तयार होते.

अस्थानी ऊतकाचे स्पष्टीकरण देणारी जुनी उपपत्ती या हालचालीवरच आधारलेली आहे. अंकुर सरकत असताना त्यातील काही पेशी आतड्याच्या भिंतीत अडकून राहतात आणि आतड्याची लांबी वाढत जाते तशा त्या दूरवर नेल्या जातात, असे ही उपपत्ती सांगते. जठराचा खालचा भाग, ग्रहणी व मध्यांत्राचा आरंभ या ठिकाणी अस्थानी ऊतक अधिक का आढळते, याचा उलगडा त्यामुळे होतो. तथापि फार दूरच्या अवयवांत सापडणाऱ्या ऊतकाचे समाधानकारक स्पष्टीकरण तिच्यातून मिळत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. आद्य आतड्याच्या पेशींना 'स्वादुपिंड होऊ नका' असा संदेश देणाऱ्या प्रथिनांपैकी 'सॉनिक हेजहॉग' हे एक प्रमुख प्रथिन आहे. जेथे स्वादुपिंड व्हावयाचे असते तेथे पृष्ठरज्जूकडून येणारे संकेत हे प्रथिन दाबून टाकतात. १९९८ मध्ये किम आणि मेल्टन यांनी कोंबडीच्या गर्भावर सायक्लोपामीन हे या संदेशाला अडविणारे द्रव्य वापरले, तेव्हा जठर व ग्रहणी यांसारख्या भागांतही स्वादुपिंडाचे ऊतक तयार झाले. २००६ मध्ये फुकुदा व सहकाऱ्यांनी हेस-१ हे जनुक निकामी केलेल्या उंदरांमध्ये जठर, ग्रहणी व पित्तनलिका येथे अस्थानी स्वादुपिंड निर्माण होते, असे दाखवून दिले.

या प्रयोगांचा निष्कर्ष लक्षणीय आहे. अस्थानी ऊतक म्हणजे वाट चुकून भलतीकडे पोहोचलेला तुकडा असेलच असे नाही. आतड्याच्या स्थानिक पेशींनीच चुकीचा संदेश मिळाल्यामुळे स्वादुपिंडाचे रूप धारण केलेले असू शकते. मानवातील प्रत्येक प्रकरणात यांपैकी कोणती प्रक्रिया घडली हे मागाहून सांगता येत नाही. मात्र दोन्ही प्रक्रिया परस्परांना वर्ज्य नाहीत.

४. स्थान, रचना आणि लक्षणे

अस्थानी स्वादुपिंड जठर, ग्रहणी आणि मध्यांत्र या तीन ठिकाणी मुख्यतः आढळते. जठरातील बहुतेक गाठी जठरनिर्गमद्वारापासून सुमारे ६ सेंमी अंतराच्या आत असतात. शेषांत्र, मेकेलचा अंधवर्ध, पित्ताशय आणि अन्ननलिका येथेही ते सापडल्याच्या नोंदी आहेत. गाठ सहसा अर्धा ते दोन सेंमी व्यासाची असते. बहुतेक वेळा ती श्लेष्मकलेच्या खालील थरात, क्वचित स्नायूंच्या थरात किंवा बाह्य आवरणालगत असते. तिच्या मध्यभागी दिसणारा खळगा म्हणजे पुष्कळदा तिच्या स्वतःच्या नलिकेचे तोंड असते.

बहुसंख्य व्यक्तींना तिचा काहीही त्रास होत नाही. त्रास झालाच तर तो गाठीच्या आकारावर व स्थानावर अवलंबून असतो. जठरनिर्गमद्वाराजवळील गाठीमुळे अन्न पुढे सरकण्यास अडथळा येतो. श्लेष्मकलेला व्रण पडल्यास रक्तस्राव होतो. लहान आतड्यातील गाठीमुळे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याचा प्रसंग ओढवतो. शिवाय हे ऊतक जिवंत व कार्यक्षम असते. ते पाचक रस तयार करते, परंतु तो वाहून नेण्याची व्यवस्था अनेकदा अपुरी असते. रस साचल्यामुळे तेथे दाह होतो, लहान कोष तयार होतात आणि वारंवार दाह झाल्यास तंतुमय ऊतक वाढते. म्हणजे मूळ ग्रंथीला होणारे जवळजवळ सर्व विकार या लहानशा तुकड्यालाही होऊ शकतात. कर्करोग हा त्यांपैकीच एक विकार होय.

५. कर्करोगाचा उगम सिद्ध करण्याचे निकष

अस्थानी स्वादुपिंडात उद्भवणाऱ्या अर्बुदांपैकी ग्रंथिकर्करोग सर्वांत अधिक आढळतो. मूळ स्वादुपिंडात नलिकांच्या अस्तरापासून होणाऱ्या कर्करोगाशी त्याचे साम्य असते. त्याखेरीज अंतःस्रावी पेशींपासून होणारी अर्बुदे, स्रावक पेशींचा कर्करोग आणि नलिकांमध्ये वाढणारी श्लेष्मस्रावी अर्बुदे यांच्याही नोंदी आहेत. जठरातील प्रकरणे त्यांत सर्वाधिक आहेत.

तथापि जठराच्या भिंतीत ग्रंथिकर्करोग आणि स्वादुपिंडाचे ऊतक एकत्र आढळले, एवढ्यावरून पहिला दुसऱ्यातून निघाला असे म्हणता येत नाही. किमान तीन पर्यायी शक्यता विचारात घ्याव्या लागतात. जठराच्या श्लेष्मकलेतच निर्माण झालेला कर्करोग खोलवर पसरून शेजारच्या अस्थानी ऊतकात शिरलेला असू शकतो. मूळ स्वादुपिंडाचा कर्करोग थेट वाढून किंवा रक्त-लसीकावाटे जठराच्या भिंतीत पोहोचलेला असू शकतो. तिसरी शक्यता अशी की, स्वादुपिंडाच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी या दीर्घकालीन दाहामुळे जठराच्या श्लेष्मकलेत घडलेल्या रूपांतराचा परिणाम असू शकतात. म्हणजे तेथे अस्थानी स्वादुपिंड नव्हतेच.

या संभ्रमातून वाट काढण्यासाठी गियू व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेले निकष आजही प्रमाण मानले जातात. छातीच्या पोकळीत सरकलेल्या जठराच्या भागातील अस्थानी स्वादुपिंडात उद्भवलेल्या कर्करोगाचे वर्णन करताना त्यांनी तीन अटी घातल्या. पहिली, अर्बुद अस्थानी स्वादुपिंडाच्या आत किंवा त्याच्या अगदी निकट असावे. दुसरी, निरोगी स्वादुपिंडाच्या रचनेपासून कर्करोगापर्यंतचे थेट संक्रमण सूक्ष्मदर्शकाखाली दिसावे. तिसरी, कर्करोगाने न ग्रासलेल्या ऊतकात पूर्ण विकसित स्रावक गुच्छ आणि नलिका हे दोन्ही घटक असावेत. याखेरीज मूळ स्वादुपिंड कर्करोगमुक्त असल्याची खात्री प्रतिमा-तपासणीने करून घेणे व्यवहारात अपरिहार्य ठरते.

या तिन्ही अटींत दुसरी अट सर्वांत मोलाची आहे. सान्निध्य हा उगमाचा पुरावा नव्हे. संक्रमण हा पुरावा होय. नलिकेच्या अस्तरातील पेशी प्रथम किंचित विस्कळित, नंतर स्पष्टपणे विकृत आणि अखेरीस अस्तराची मर्यादा ओलांडणाऱ्या होत गेल्याचे एकाच छेदात दिसले, तर उगमाची साखळी जुळते. तिसऱ्या अटीमुळे केवळ नलिका असलेला हाइनरिख यांचा तिसरा प्रकार बाजूला पडतो, कारण अशा नलिका अन्य कारणांनीही आढळू शकतात. आधुनिक जनुकीय चाचण्यांनी हे काम सोपे होईल अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. मूळ स्वादुपिंडाच्या नलिकांपासून होणाऱ्या कर्करोगापैकी ९०% हून अधिक अर्बुदांत 'के-रास' जनुकात बदल आढळतो. परंतु हा बदल केवळ स्वादुपिंडापुरता मर्यादित नाही. आणि तो सापडला तरी पेशी कोणत्या जातीच्या आहेत याची सूचना मिळते, त्या कोणत्या जागी प्रथम बिघडल्या हे कळत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालील प्रत्यक्ष साक्षीला अद्याप पर्याय नाही.

६. प्रमाणाचा प्रश्न : छेद कोणता?

अस्थानी स्वादुपिंडाचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण वैद्यकीय वाङ्मयात सामान्यतः ०.७% ते १.८% असे दिले जाते. हा आकडा ऐकून 'शंभरात एकाला कर्करोग होतो' असा अर्थ लावला जाणे स्वाभाविक आहे. परंतु तो अर्थ बरोबर नाही. कोणत्याही प्रमाणाचा अर्थ त्याच्या छेदावर ठरतो, आणि येथे छेद आहे शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींचा. शस्त्रक्रिया मुख्यतः ज्यांना त्रास झाला, ज्यांची गाठ मोठी होती किंवा ज्यांच्याविषयी संशय होता, त्यांची होते. ज्या असंख्य व्यक्तींना आपल्या जठरात असे काही आहे याची कल्पनाही नसते, त्या या छेदात येतच नाहीत.

अशा व्यक्ती किती असाव्यात? शवपरीक्षांतील नोंदींनुसार अस्थानी स्वादुपिंडाचे प्रमाण सुमारे ०.५% ते १३.७% इतक्या विस्तृत मर्यादेत आढळते. ही तफावत तपासणी किती बारकाईने केली यावर बरीच अवलंबून असावी. पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियांमध्ये ते सुमारे ५०० पैकी एका रुग्णात सापडते. यांपैकी शवपरीक्षांतील सर्वांत कमी आकडा, म्हणजे ०.५%, उदाहरणादाखल भारताच्या सुमारे १४० कोटी लोकसंख्येस लावला तर ७० लाख व्यक्तींच्या शरीरात असे ऊतक असले पाहिजे. त्यांतील १% व्यक्तींना जरी कर्करोग होणार असेल तरी ती संख्या ७० हजार होईल. प्रत्यक्षात जगभरच्या वाङ्मयात शंभराहून अधिक वर्षांत नोंदलेली प्रकरणे हजारांत नव्हे, फार तर शेकड्यांत मोजण्यासारखी आहेत. एवढी मोठी तफावत केवळ नोंदी अपुऱ्या असल्यामुळे पडली असे मानणे कठीण आहे.

दुसऱ्या बाजूनेही हाच निष्कर्ष निघतो. अमेरिकेत स्वादुपिंडाचा कर्करोग होण्याची आयुष्यभराची शक्यता सुमारे १.७% आहे. तेथील मूळ ग्रंथीचे वजन ८० ग्रॅमच्या आसपास धरले, तर एक सेंमी व्यासाच्या अस्थानी गाठीचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरेल. म्हणजे ती मूळ ग्रंथीच्या सुमारे १६० पट लहान असेल. इतक्या लहान तुकड्याचा धोका संपूर्ण ग्रंथीइतकाच असावा, हे अन्य सबळ कारणाशिवाय पटण्यासारखे नाही. निचरा न झालेल्या रसामुळे होणारा दाह हे असे कारण असू शकते आणि म्हणून केवळ वजनाच्या हिशेबाने प्रश्न निकालात काढता येत नाही. तरीही हा हिशेब सावधगिरीचा इशारा देतो.

येथे विरुद्ध बाजूचाही विचार केला पाहिजे. गियू यांचे निकष कठोर आहेत. कर्करोग बराच वाढल्यावर ज्या ऊतकातून तो निघाला ते ऊतकच तो गिळंकृत करतो. मग संक्रमण दाखविण्यास काही उरत नाही आणि असे प्रकरण जठराचा सामान्य कर्करोग म्हणून नोंदले जाते. म्हणजे छेद जसा अपुरा आहे तसा अंशही अपुरा आहे. मात्र दोन्ही उणिवा सारख्या आकाराच्या नाहीत. छेदातून वगळलेल्यांची संख्या लाखांत आहे. अंशातून निसटलेली प्रकरणे तिच्या तुलनेत फारच थोडी असावीत. त्यामुळे लक्षणरहित व्यक्तीचा खरा धोका एक टक्क्याहून पुष्कळच कमी असला पाहिजे, असे अनुमान काढणे योग्य ठरते.

या ठिकाणी जर्मन विकृतिवैज्ञानिक यूलियुस कोनहाइम (१८३९–१८८४) यांचे स्मरण होते. गर्भावस्थेतील शिल्लक राहिलेल्या पेशींपासून अर्बुदे उद्भवतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला होता. अस्थानी स्वादुपिंडातील कर्करोग हे त्या सिद्धांताला अनुकूल उदाहरण वाटते. परंतु असे ऊतक असलेल्या बहुसंख्य व्यक्ती कर्करोगाविना आयुष्य पुरे करतात, ही वस्तुस्थिती त्याची मर्यादाही दाखविते. अस्थानी असणे हे स्वतःहून कर्करोगाचे पुरेसे कारण नाही.

७. निदानातील अडचणी

अस्थानी गाठ श्लेष्मकलेखाली असल्यामुळे एंडोस्कोपीच्या वेळी चिमट्याने घेतलेल्या लहान तुकड्यात बहुधा वरची निरोगी श्लेष्मकलाच येते. 'बायोप्सीत दोष आढळला नाही' हा अहवाल अशा वेळी गाठीविषयी काहीच सांगत नाही. तो केवळ तिच्या आच्छादनाविषयी असतो. ही बाब रुग्णाला समजावून सांगणे अगत्याचे आहे.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड या तपासणीने येथे बरीच मदत होते. तिच्यात जठराची भिंत पाच थरांत दिसते. अस्थानी स्वादुपिंड बहुधा तिसऱ्या, म्हणजे श्लेष्मकलेखालील थरात असते. त्याची कड अस्पष्ट असते आणि आत नलिकेची काळी रेषा दिसू शकते. याउलट स्नायुथरातील पेशींपासून होणारे 'जिस्ट' नावाचे अर्बुद बहुधा चौथ्या थरात उगम पावते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण जिस्टचा उपचार वेगळा असतो. १९९८ मध्ये हिरोता व सहकाऱ्यांनी त्यामागील 'किट' जनुकातील बदल शोधून काढल्यापासून त्यावर नेमकी औषधयोजना शक्य झाली आहे. अल्ट्रासाउंडच्या मार्गदर्शनाखाली सुईने घेतलेला नमुना निदानाची खात्री वाढवितो. सीटी स्कॅनमध्ये चपटी-लंबगोल आकृती व आतील बाजूस झालेली वाढ अस्थानी स्वादुपिंडाकडे निर्देश करते. इतके करूनही कर्करोगाचे निश्चित निदान पुष्कळदा गाठ काढल्यानंतरच होते.

८. उपचाराचा निर्णय

वरील विवेचनातून उपचाराची दिशा स्पष्ट होते. निदानाविषयी पुरेशी खात्री असलेली, लहान, त्रास न देणारी आणि आकार न बदलणारी गाठ काढण्याची सहसा आवश्यकता नसते. ठरावीक कालांतराने निरीक्षण पुरेसे असते. गाठीमुळे अडथळा, रक्तस्राव वा वारंवार वेदना होत असतील, ती वाढत असेल, तिच्यावर व्रण पडला असेल किंवा प्रतिमा-तपासणीत संशयास्पद लक्षणे असतील, तर ती काढणे इष्ट ठरते. योग्य स्थानी असलेली गाठ एंडोस्कोपीच्या साहाय्याने किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने भिंतीचा मर्यादित भाग कापून काढता येते. शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठविलेल्या छेदाची तपासणी केल्यास अनावश्यक मोठी शस्त्रक्रिया टळू शकते.

कर्करोग सिद्ध झाल्यास मात्र मर्यादित शस्त्रक्रिया पुरत नाही. लसीका ग्रंथींसह त्या भागाचे पुरेसे उच्छेदन करावे लागते. पुढील औषधोपचाराविषयी सर्वमान्य पद्धत नाही. प्रकरणे इतकी थोडी आहेत की मोठ्या तुलनात्मक चाचण्या घेणे शक्य झालेले नाही. म्हणून जठराच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी प्रचलित असलेल्या औषधयोजनांचा आधार घेतला जातो. जठरनिर्गमद्वाराजवळील अर्बुद अडथळ्यामुळे लवकर लक्षात येते आणि त्यामुळे काही रुग्णांत परिणाम मूळ स्वादुपिंडाच्या कर्करोगापेक्षा बरे असतात, असे काही अभ्यासकांचे निरीक्षण आहे. मात्र ते थोड्या प्रकरणांवर आधारलेले असल्याने त्याचा सार्वत्रिक नियम करता येत नाही.

९. समारोप

अस्थानी स्वादुपिंडातील कर्करोग हा दुर्मीळ, परंतु सिद्ध झालेला विकार आहे. त्याच्या अभ्यासातून दोन गोष्टी प्रकर्षाने पुढे येतात. सान्निध्यावरून उगम ठरवू नये, त्यासाठी संक्रमणाचा पुरावा मागावा, ही विकृतिविज्ञानाची शिस्त त्यांतील एक. शस्त्रक्रिया झालेल्यांवरून काढलेले प्रमाण सर्वांना लागू करू नये, ही संख्याशास्त्राची शिस्त दुसरी. या दोहोंचा विसर पडला तर एकीकडे निष्कारण भीती व अनावश्यक शस्त्रक्रिया वाढतात, आणि दुसरीकडे बायोप्सीच्या निर्दोष अहवालावर विसंबून खरा कर्करोग नजरेतून सुटतो. अशा गाठीचे निदान झालेल्या व्यक्तीने चिकित्सकाला विचारावयाचे प्रश्नही यातूनच निष्पन्न होतात : गाठ कोणत्या थरात आहे, घेतलेल्या नमुन्यात प्रत्यक्ष गाठीचे ऊतक आले होते काय, आणि मागील तपासणीपासून तिच्यात बदल झाला आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर बहुसंख्य रुग्णांनी निरीक्षणावर भरवसा ठेवण्यास हरकत नाही.